काळीची पांढरी, पांढरीचे रान

महसुलाच्या जुन्या दप्तरांत ‘बेचिराख’ असा एक शब्द येतो. आपण तो जळून गेलेल्या गावासाठी वापरतो, त्यामुळे त्यात राखेचा संबंध असावा असे वाटते. मूळ फारसी शब्द ‘बे-चिराग’. चिराग म्हणजे दिवा. ज्या गावाला नाव आहे, शिव आहे, सर्व्हे नंबर आहेत, पण संध्याकाळी दिवा लावणारे कोणी नाही, ते गाव बेचिराख. गेली वीसेक वर्षे मी मिरज आणि तासगाव भागातल्या अशा गावांच्या मागे आहे. पदवी वाणिज्य शाखेची, नोकरी सहकारी पतसंस्थेत, आणि हा नाद सुटीच्या दिवसांचा. एखाद्या माळावर मारुतीचे जोते, बुजलेली विहीर आणि चिंचेचे झाड दिसले की तिथली पांढरी कुठपर्यंत होती याचा अंदाज आता बरा येतो.

पांढरी आणि काळी हे शब्द शहरी वाचकांच्या कानावरून गेलेले असतात, पण सांगून टाकलेले बरे. गावाची राहती जागा ती पांढरी. मातीची घरे पडून, पुन्हा बांधून, राख-शेण मुरून तिथली माती पांढुरकी होते. शेतीची जमीन ती काळी. जुन्या गावव्यवस्थेत या दोन जमिनींचे नियम वेगळे, देणी वेगळी, हक्कदारही वेगळे. काळीची पांढरी करायची तर कोणाला तरी विचारावे लागे.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी एका इंग्रजी बेचिराख गावातून वाटाड्याबरोबर तीन तास चाललो. माझी पुतणी नर्स आहे आणि लंडनच्या पूर्वेला चाळीसेक किलोमीटरवर, एसेक्स परगण्यातल्या बॅसिल्डन नावाच्या शहरात नोकरीला आहे. तिच्याकडे महिनाभर होतो. चौथ्या दिवशी तीच म्हणाली, ‘‘काका, तुम्हाला म्युझियमपेक्षा पडकी घरं बघायला आवडतात ना? इथे जवळच एक जंगल आहे, त्यात म्हणे पूर्वी वस्ती होती.’’ लेंगडन नावाचे ते निसर्ग-राखीव क्षेत्र एसेक्स वाइल्डलाइफ ट्रस्ट ही संस्था सांभाळते. त्यातला डंटन नावाचा भाग म्हणजे पूर्वीचे ‘प्लॉटलँड्स’. या शब्दाला मराठीत प्रतिशब्द शोधायची मला गरज पडली नाही. आमच्याकडे त्याला गुंठेवारी म्हणतात.

*

आमची वाट दाखवणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात काठी. मंडळी आठ-दहा. सुरुवातीलाच त्या म्हणाल्या, आपण ज्या रस्त्यावर उभे आहोत त्याचे नाव थर्ड अव्हेन्यू. सगळे हसले. रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंनी झुडपांनी दाटलेली गवताची पट्टी होती. कागदावर मात्र ती अव्हेन्यूच होती, आणि ज्यांनी ती विकली त्यांनी तसेच सांगून विकली.

त्या विक्रीची गोष्ट गेल्याच्या मागच्या शतकातली आहे. १८७० नंतर अमेरिकेतला स्वस्त गहू आगबोटींनी इंग्लंडात येऊ लागला आणि तिथली धान्याची शेती कोलमडली. सगळ्यात आधी मेली ती एसेक्सची चिकणमातीची जमीन. तिला तिकडचे शेतकरी ‘तीन घोड्यांची जमीन’ म्हणत. दोन घोड्यांना तिथे नांगर ओढत नसे. आपल्या काळ्या रानात सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपत, तसलेच. पीक परवडेना, तेव्हा शेते पडीक पडली, भाव कोसळले. त्याच सुमारास, १८८८ मध्ये, लंडनहून लेंडन आणि पिट्सीवरून साउथएंडकडे जाणारी जवळची रेल्वे सुरू झाली. मेलेली जमीन आणि नवे स्टेशन जवळजवळ आले की दलाल जन्माला येतो, याला देशाची अट नाही.

दलालांनी शेते विकत घेतली, नकाशावर रेघोट्या मारून त्यांचे तुकडे पाडले आणि लंडनच्या ईस्ट एंडमधल्या गिऱ्हाइकांसाठी लिलाव लावले. स्वस्त तिकिटात आगगाडीने माणसे आणायची, मांडवात जेवण द्यायचे, शॅम्पेन पाजायची आणि मग बोली सुरू करायची. या लिलावांना ‘शॅम्पेन सेल’ असेच नाव पडले. दारूच्या अमलाखाली घेतलेला प्लॉट दुसऱ्या दिवशी विसरून गेलेलेही काही निघाले, आणि पुढे ते बेवारस तुकडे हा मोठाच घोळ झाला. तुकड्याची रुंदी बहुधा वीस फूट, लांबी शंभर किंवा जास्त. म्हणजे आपल्या हिशेबाने १०८९ चौरस फुटांचा एक गुंठा धरला तर पावणेदोन-दोन गुंठ्यांपासून पुढे. पाच पौंडांतसुद्धा तुकडा मिळे.

घेणारे कोण होते? गोदीतले कामगार, फिरते विक्रेते, बसचे कंडक्टर, इमारतींचे रखवालदार. भाड्याच्या दोन खोल्यांत जन्म काढलेली माणसे. १९३२ साली एका बाईने जमिनीची जाहिरात वाचली आणि विसार द्यायला एक पौंड उसना घेतला. आधी लष्करातून मोडीत काढलेला तंबू ठोकला, मग रविवार-रविवारी विटा नेऊन घर उभे केले. ही हकीकत कॉलिन वॉर्ड या लेखकाने नोंदवून ठेवली. वॉर्ड (१९२४–२०१०) स्वतः एसेक्समधलाच. त्याने डेनिस हार्डीबरोबर ‘आर्केडिया फॉर ऑल’ नावाचा या वस्त्यांचा इतिहास १९८४ मध्ये प्रसिद्ध केला. आज या विषयावर जे काही बोलले जाते त्याचा पाया ते पुस्तक आहे. वॉर्डने अर्ज, नकाशे, सरकारी अहवाल पाहिलेच, पण म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन बसला, हे मला विशेष वाटते. जमिनीचा इतिहास नुसत्या कागदावरून लिहिला तर तो कागद ठेवणाऱ्याचाच इतिहास होतो.

घरे कशाची होती? लाकडी फळ्या, पत्रे, अ‍ॅस्बेस्टॉसचे पत्रे, मोडीत निघालेले रेल्वेचे डबे, जुन्या ट्रामगाड्यांचे सांगाडे. सुरुवातीला शनिवार-रविवारची जागा, मग निवृत्तीनंतरची. दुसऱ्या महायुद्धात ईस्ट एंडवर बाँब पडू लागले तेव्हा हजारो कुटुंबे या फळ्यांच्या घरांत कायमची राहायला आली. युद्ध संपेपर्यंत पिट्सी आणि लेंडन या पट्ट्यात पंचवीस हजारांच्या आसपास माणसे राहत होती. पंचाहत्तर मैल गवताळ कच्चे रस्ते, बहुतेक घरांना गटार नाही, पाणी नळकोंडाळ्यावरून बादल्यांनी आणायचे, दिवे रॉकेलचे, संडास बादलीचा.

वाटाड्या बाईंनी सांगितले की पावसाळी दिवसांत माणसे रबरी बूट घालून लेंडन स्टेशनपर्यंत जात, तिथे बूट बदलत, आणि ऑफिसचे जोडे घालून गाडीत बसत. मी त्यांना माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितले की आमच्या वडिलांची एक चप्पल घराची आणि एक डांबरी रस्त्याची होती. डांबरी सुरू होते तिथल्या पानपट्टीवाल्याकडे दुसरी ठेवलेली असे. बाई थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘माती कोणती?’’ मी म्हटले, काळी. पाऊस पडला की पाय सोडत नाही. त्यांनी मान हलवली. बाकीच्या मंडळींना यात काय कळले असेल ते असो.

*

माझे वडील सांगलीत हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे दिवाणजी होते. १९७८ साली त्यांनी शहराबाहेर दीड गुंठा घेतला. तेव्हाचे गणित आज पुन्हा मांडायला हवे, कारण आता लोक गुंठेवारी म्हणजे निव्वळ बेकायदेशीरपणा समजतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याने ठरावीक क्षेत्राखालचा शेतजमिनीचा तुकडा विकायला मनाई होती. हेतू चांगला होता. शेतीचे तुकडे पडून ती परवडेनाशी होऊ नये. पुढे १९६६ चा जमीन महसूल अधिनियम आला, घर बांधायचे तर आधी जमीन बिनशेती करून घ्या. आणि १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. तो मोठ्या शहरांबरोबर सांगलीलाही लागू झाला. शहराला लागून ज्यांची शेती होती त्यांना वाटले, उद्या सरकारने घेण्यापेक्षा आज गुंठ्यागुंठ्याने विकलेली बरी. आणि विकत घ्यायला माझ्या वडिलांसारखे हजारो बसलेलेच होते, ज्यांना बिनशेती प्लॉट परवडत नव्हता आणि सरकारी घर मिळण्याची शक्यता नव्हती.

व्यवहार स्टॅम्पपेपरवर, साक्षीदार पेठेतले दोघे. सातबाऱ्यावर नाव लागलेच नाही. लागणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होते. आठ फुटी ‘रस्ता’ म्हणून जो सोडला होता तो खरेदीखतात होता, जमिनीवर नव्हता. पहिली खोली पत्र्याची, दुसरी विटांची, स्लॅब पडला तो १९९१ साली.

काळीची पांढरी झाली होती, फक्त कोणाला विचारले नव्हते.

*

इंग्लंडात १९४७ हेच साल उजाडले ते टाउन अँड कंट्री प्लॅनिंग अ‍ॅक्ट घेऊन. दोन्हीकडे एकच साल हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायला मी जाणार नाही. त्या कायद्याने आपल्या जमिनीवर मनाला येईल ते बांधण्याचा इंग्रज माणसाचा हक्क संपला. त्याआधी वीस वर्षे अशा वस्त्यांविरुद्ध सुशिक्षित वर्गात केवढा संताप होता! क्लफ विल्यम्स-एलिस या वास्तुरचनाकाराचे १९२८ चे ‘इंग्लंड अँड द ऑक्टोपस’ हे पुस्तक शहरांच्या या पसरण्यालाच आठ हातांचा प्राणी समजते. त्या काळातले लेखन वाचताना एक गोष्ट लक्षात येते. तक्रार बहुतेक वेळा दिसण्याची असते. टेकडीवर पत्र्याचे छप्पर चमकते, हिरव्या देखाव्यात लाल-निळ्या भिंती येतात. आत राहणाऱ्या बाईला नळकोंडाळे किती लांब पडते याची तक्रार क्वचितच.

ही तक्रार करत होत्या त्या स्थानिक संस्था, आणि इथे वॉर्डच्या भक्तांनी थोडे सावकाश घ्यावे असे मला वाटते. एसेक्सची कौंटी कौन्सिल आणि बिलरिकेची नागरी जिल्हा कौन्सिल यांनी स्वतःहून सरकारकडे मागणी केली की आमच्याकडे नवे शहर करा. बाकीच्या बहुतेक नव्या शहरांना स्थानिकांनी विरोध केला. स्टीव्हनेजला तर १९४६ मध्ये मंत्री लुईस सिल्किन यांच्या गाडीच्या टायरमधली हवा सोडली आणि स्टेशनच्या पाटीवर रशियन थाटात ‘सिल्किनग्राड’ असे नाव रंगवले. एसेक्समध्ये उलटे झाले ते गटारांमुळे. पंचाहत्तर मैलांचे रस्ते आणि हजारो घरांची सांडपाण्याची सोय करायला कौन्सिलकडे पैसा नव्हता. नवे शहर झाले तर तो खर्च केंद्र सरकारच्या महामंडळाकडून होणार होता. १९४८ मध्ये सिल्किन लेंडनच्या शाळेत सभेला आले आणि जगभरातून लोक पाहायला येतील असे शहर इथे उभे राहील असे त्यांनी सांगितले. जानेवारी १९४९ मध्ये बॅसिल्डन नव्या शहराची अधिसूचना निघाली.

सभेला जे बसले होते त्यांच्यापैकी कितीजणांनी ‘आपल्या वस्तीला गटार येणार’ असा त्याचा अर्थ लावला असेल? मला वाटते, बऱ्याच जणांनी. गटार आलेच. मात्र ते वस्तीकडे आले नाही, वस्तीला गटाराकडे न्यायचे ठरले. महामंडळाने एकेक भाग सक्तीने संपादन करून घरे पाडायची आणि त्या जागी आखीव मोहल्ले बांधून भाड्याने द्यायचे, असा तो आराखडा होता. भरपाई कशी? १९४७ च्या कायद्यानुसार सुरुवातीच्या काळात जमिनीचा मोबदला तिच्या तेव्हाच्या वापराप्रमाणे धरला जाई. उद्या तिथे शहर होऊन जी किंमत येणार ती मालकाची नाही, समाजाची, हे त्यामागचे तत्त्व. तत्त्व म्हणून मला ते पटते. दलालाच्या हातातल्या शंभर एकरांना लावले असते तर टाळ्याच वाजवल्या असत्या. ते लागले वीस फुटी तुकड्याला आणि मालकाने पंधरा वर्षे रविवारी खपून बांधलेल्या घराला. ज्याच्या नावावर घर होते, कर्ज नव्हते, त्याला म्हातारपणी महामंडळाचा भाडेकरू व्हावे लागले.

आमच्याकडे हे वाचताना नवी मुंबई आठवल्याशिवाय राहत नाही. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली तीही याच साच्याची: महामंडळाने शेतकऱ्यांची जमीन शेतीच्या भावाने घ्यायची, विकसित करायची, विकायची, त्यातून शहर उभे करायचे. पंचाण्णव गावांच्या जमिनी त्यात गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले, गोळीबारात पाच जणांचा बळी गेला, आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. वाढीव किमतीत मूळ मालकाचा काही वाटा असतो, हे मान्य करायला इथे पाच माणसे मरावी लागली. बॅसिल्डनमध्ये कोणी मेले नाही. माणसे थकली, विकून मोकळी झाली, किंवा वारली आणि वारसांनी महामंडळाला घर देऊन टाकले. हे १९८० नंतरपर्यंत चालू होते.

आणि डंटनचे दुर्दैव असे की घरे पाडली, पण शहर तिथपर्यंत आलेच नाही.

*

चालताना मी माझ्या सवयीने जोती शोधत होतो. जोती अशी थोडीच, कारण घरे हलकी होती. पण खुणा भरपूर. गवतातून अचानक काँक्रीटची एक अरुंद पट्टी सुरू होते, जेमतेम दोन माणसे जातील एवढी. ही शेजाऱ्यांनी मिळून, जो तो आपल्या दारापुढची, ओतलेली पायवाट. पुढे विटांचे गेटचे खांब, गेट नाही. पावसाचे पाणी साठवायचे हौद. एका ठिकाणी तीन पायऱ्या आणि वर काही नाही. पायरीच्या कडेला लाल रंग अजून होता.

सगळ्यात पक्की खूण झाडांची. मे महिन्यात सफरचंदाला फुले येतात. काटेरी झुडपांच्या गचपणात मधेच पांढरी-गुलाबी फुले दिसली की तिथे एक परसू होते हे समजायचे. बाईंनी दाखवले: हे सफरचंद, हा आलुबुखार, हे लायलॅक, ही कुंपणाची झाडे. कुंपण कापणारा गेला तशी ती पंधरा फूट उंच झाली, पण अजून सरळ रेषेत उभी आहेत. वीस फूट, पुन्हा रेषा, वीस फूट, पुन्हा रेषा. दलालाने नकाशावर ओढलेल्या रेघा आता झाडे सांभाळत आहेत. आमच्या बेचिराख गावांत चिंच आणि मारुती टिकतात. खासगी मालकीची रेघ अशी झाडांत टिकलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

माझ्या शेजारी चालणारा एक तरुण म्हणाला, काय सुंदर, निसर्गाने आपली जागा परत घेतली. बाई काही बोलल्या नाहीत. थोड्या पुढे गेल्यावर एका खांबाजवळ उभ्या राहून त्यांनी सांगितले की लहानपणी सुटीत त्या इथे आजोबांकडे येत, आणि निसर्गाला ही जागा नको होती, ती त्याला देण्यात आली. महामंडळ १९८६ मध्ये बंद झाले आणि १९८९ मध्ये हे राखीव क्षेत्र म्हणून सुरू झाले. माहितीच्या पाट्यांवर अशा ठिकाणी ‘सोडून दिलेली वस्ती’ हा शब्द सर्रास असतो. सोडून दिलेली आणि सोडायला लावलेली यांत आपल्या दप्तरांनीही कधी फरक केला नाही; बेचिराख म्हटले की दोन्ही आले. तरीही आपल्या जुन्या राज्यकर्त्यांची एक गोष्ट मान्य करावी लागेल. ओसाड गाव त्यांना तोट्याचे वाटे. ते पुन्हा वसवायला कौल देत, पहिली काही वर्षे सारा माफ किंवा हलका ठेवत, मग इस्ताव्याने थोडा थोडा वाढवत नेत. माणूस येऊन राहिला याची किंमत त्यांना कळत होती, निदान साऱ्याच्या भाषेत तरी.

वस्तीतले एक घर संस्थेने राखले आहे. ‘द हेवन’ त्याचे नाव, म्हणजे आसरा. १९३० च्या दशकातले. आत चूल, कपडे पिळायचे यंत्र, रॉकेलचा दिवा, कपाटात कपबशा. बाहेर भाजीचे वाफे. डंटनमधली दोनशेच्या आसपास घरे गेली आणि हे वस्तुसंग्रहालय झाले. मी आत उभा होतो तेव्हा पुतणी म्हणाली, ‘‘काका, ही खोली आपल्या जुन्या पत्र्याच्या खोलीएवढीच आहे.’’ ती खोली तिने पाहिलेली नाही, तिच्या जन्माआधी पाडली. फोटो पाहिला असेल.

पुतणीचे स्वतःचे भाड्याचे घर महामंडळाच्या काळातले आहे. गरम पाणी आहे, भिंती कोरड्या आहेत, मुलांना शाळेपर्यंत रहदारीचा रस्ता ओलांडावा लागत नाही. संध्याकाळी तिथे बसून मी वॉर्डचे म्हणणे टिपून घेत होतो आणि अंगावर त्याच महामंडळाच्या घराची ऊब होती. बॅसिल्डनने हजारो कुटुंबांना ईस्ट एंडच्या ओलीतून बाहेर काढले हे खोटे नाही.

वॉर्डचा मुद्दा असा की हे दोन्ही होऊ शकले असते. माणसांनी घर स्वतः बांधले होते. त्यांना जमत नव्हते ते फक्त रस्ता, पाणी, गटार. तेवढेच सरकारने करायचे आणि घराचे काम माणसांवर सोपवायचे. हाच विचार जॉन टर्नर या वास्तुरचनाकाराने पेरूमधल्या झोपड्यांच्या वस्त्या पाहून मांडला. त्याच्या १९७६ च्या पुस्तकाला प्रस्तावना वॉर्डचीच आहे. त्या विचाराची एक धार जागतिक बँकेमार्फत आपल्याकडेही आली. कांदिवलीचे चारकोप हे त्याचे उदाहरण: म्हाडाने १९८० च्या दशकात तिथे लहान लहान भूखंड सेवासुविधांसह दिले, घर ज्याने त्याने बांधले. आज चारकोपमध्ये जाऊन ती दुमजली-तिमजली घरे पाहावीत.

*

महाराष्ट्राने गुंठेवारीपुढे शेवटी बुलडोझर चालवला नाही. २००१ मध्ये गुंठेवारी विकास नियमाधीन करण्याचा कायदा झाला. १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड प्रशमन शुल्क आणि विकास शुल्क भरून कायदेशीर करता येऊ लागले. पुढे २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत आणली. नगररचनेतले जाणकार याला बेकायदेशीरपणाला दिलेले बक्षीस म्हणतात. वीस वर्षांनी तारीख पुढे सरकली, म्हणजे आणखी वीस वर्षांनी पुन्हा सरकेल, असेही म्हणतात. त्यात तथ्य आहे. तारीख कळली की दलाल कामाला लागतो. दुसरा आक्षेप मला अधिक टोचतो. एसेक्सची माती चिकट होती, पण वस्ती पुष्कळशी उंचावर होती. सांगलीत गुंठे पाडताना ओढे-नालेही विकले गेले. ज्या आठ फुटांना आम्ही रस्ता म्हणत होतो तो बहुधा पाण्याचा मार्ग होता. नकाशा आखायला कोणी अनुभवी माणूस असता तर त्याने तिथे घर होऊ दिले नसते, आणि त्याचे बरोबर असते. पॅट्रिक गेडिस १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात शिकवत होते. वस्ती पाडण्याऐवजी तिच्यातूनच, कमीत कमी मोडतोड करून वाट काढा, पण आधी पायी फिरून पाणी कुठून वाहते ते पाहा, असे ते सांगत. त्यांचा पहिला अर्धा भाग आम्ही गुंठेवारीवाल्यांनी उचलला.

वडिलांनी २००२ साली अर्ज भरला. कार्यालयाचे नाव घेत नाही. फाइल एकदा हरवली, एकदा मोजणीचा नकाशा जुळेना, कारण शेजारच्या तिघांच्या खरेदीखतांची बेरीज मूळ शेतापेक्षा जास्त भरत होती. प्रमाणपत्र आले तेव्हा वडील जाऊन पाच महिने झाले होते. आईने ते देवाजवळ ठेवले नाही की चौकट करून लावले नाही. पेढ्यांच्या डब्यात, स्टॅम्पपेपरच्या वर ठेवले. डबा अजून तोच आहे.

परत निघताना मी वाटाड्या बाईंना विचारले की आजोबांच्या प्लॉटचे कागद कुणाकडे आहेत. खरेदीखत आपल्याकडे आहे, त्या म्हणाल्या, बिस्किटांच्या डब्यात, पण त्याला आता काही अर्थ नाही. मग त्यांनी मला विचारले, तुमच्या रस्त्याचे काय झाले? मी सांगितले की डांबर २०१२ ला आले, गटार अजून निम्मेच आहे, आणि ऑगस्ट २०१९ च्या पुरात पाणी आमच्या घरात कमरेएवढे होते. आई दहा दिवस माझ्या बहिणीकडे होती. पाणी उतरल्यावर आम्ही गाळ उपसला, भिंती धुतल्या, दिवाळीआधी रंग दिला. रस्त्यावरच्या चौदाही घरांत लोक परत राहायला आले.